बाबा महाराजांचे मृत्युपत्र

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी मागच्या वर्षी मला विचारले, "मृत्युपत्र करू की ट्रस्ट?" त्यांचा प्रश्न व्यवहारातला होता, आणि उत्तर वकिलाने द्यायचे होते. मी वकील नाही. जुन्या निकालपत्रांचा नाद लागलेला वाचक आहे. तरी मी त्यांना म्हटले की कागद कोणताही करा, पण आधी बाबा महाराज पंडितांचे मृत्युपत्र काय झाले ते वाचा. त्यांनी ताई महाराज प्रकरणाचे नाव ऐकले होते. टिळकांच्या चरित्रात ते येते आणि बहुतेक वाचक ती पाने भराभर उलटतात. राजद्रोहाचे दोन खटले, मंडाले, गीतारहस्य यांच्या मध्ये हे दत्तकाचे किचकट भांडण कोणाला वाचायचे असते? मीही पूर्वी ती पाने अशीच उलटली होती. पण मृत्युपत्र म्हणजे काय आणि विश्वस्त म्हणजे काय, हे महाराष्ट्राला ज्या एका प्रकरणाने सर्वांत महाग शिकवले ते हेच.

काळ १८९७ चा. पुण्यात प्लेगचे वर्ष, रँडचा खून, आणि जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामीन दिला. ते पुण्यास आले तेव्हा त्यांचे स्नेही, दक्षिणेतील पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर ऊर्फ बाबा महाराज पंडित, पटकीने अंथरुणाला खिळले होते. ७ ऑगस्टला मृत्युपत्र झाले आणि त्याच दिवशी बाबा महाराज वारले. पत्नी सकवारबाई ऊर्फ ताई महाराज गरोदर होती आणि विशीच्या आतली होती. मृत्युपत्रात इस्टेटीची व्यवस्था पाहण्यासाठी नेमलेल्या माणसांत टिळक होते, उमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, कुंभोजकर होते आणि घरचाच माहितगार माणूस म्हणून नागपूरकर होते. मजकूर थोडक्यात असा: मुलगा झाला तर तो सज्ञान होईपर्यंत या मंडळींनी कारभार पाहावा, मुलगा झाला नाही, किंवा होऊन दगावला, तर या मंडळींच्या संमतीने पत्नीच्या मांडीवर दत्तक द्यावा, आणि गरज पडेल तितक्या वेळा द्यावा, दत्तक सज्ञान होईपर्यंत कारभार पुन्हा यांच्याचकडे.

पाच आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला, टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. जामिनावर सुटलेल्या आणि तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरचा भार अंगावर का घेतला असावा? मरणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे एक उत्तर. टिळकांच्या स्वभावाकडे पाहता ते पुरेसे आहे.

पुढचे कळण्यासाठी एका गोष्टीकडे वळणे भाग आहे. हिंदू धर्मशास्त्रात मृत्युपत्र नव्हतेच. 'मृत्युपत्र' हा शब्द आज आपल्याला जुना वाटतो, पण त्यामागची कल्पना इंग्रजी अमलाबरोबर रुजली. आपल्याकडे दानपत्र होते, वाटणीपत्र होते, दत्तकाचे कागद होते. माणूस जिवंतपणी देत असे. मेल्यानंतर देण्याची सोय नव्हती, आणि कारण उघड होते. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. ज्या घरात मुलगा जन्मताच भागीदार होतो, तिथे बापाच्या हातात मेल्यावर वाटायला उरते काय? बंगालची गोष्ट वेगळी होती. तिथे जीमूतवाहनाचा दायभाग चाले, बाप हयात असेतो मुलाला हक्क नसे, म्हणून बापाला विल्हेवाट लावण्याचे स्वातंत्र्य अधिक. मृत्युपत्राचे रोप आधी कलकत्त्यात फोफावले ते याच जमिनीत. मुंबई इलाख्यात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनने वारस, मृत्युपत्राचे व्यवस्थापक यांना कोर्टाकडून मान्यता देण्याची रीत घातली. पुढे १८७० चा हिंदू विल्स कायदा आला. त्याने लेखी मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार ही अट घातली, पण ती बंगाल आणि मद्रास व मुंबई ही दोन शहरे एवढ्यापुरतीच. पुण्यासारख्या मोफसिल गावात हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही चालत असे, आणि ते १९२६ च्या अखेरपर्यंत चालले. आज दोन साक्षीदारांविना मृत्युपत्र म्हटले की आपण दचकतो, पण ती अट आपल्याकडे सर्वत्र लागू होऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

मेलेल्या माणसाचा हात किती लांब पोहोचावा, याचा मोठा निकाल ठाकुरांच्या घरातूनच आला. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार ठाकूर १८६८ साली वारले. त्यांचा एकुलता मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला होता. इंग्लंडात बॅरिस्टर झालेला तो पहिला हिंदी माणूस. बापाने मृत्युपत्रात त्याला काही ठेवले नाही. सारी संपत्ती विश्वस्तांच्या हाती देऊन आधी पुतण्या जतींद्रमोहन, मग त्याचे मुलगे, मग त्यांचे मुलगे, अशी इंग्रज उमरावांच्या धर्तीवर पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी घातली. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने ती साखळी तोडली. मृत्युपत्र करणारा मरतो त्या क्षणी जो जन्मलेला नाही त्याला दान देता येत नाही, आणि हिंदू कायद्याला ठाऊक नसलेला वारसाक्रम कोणी खासगीत निर्माण करू शकत नाही, असे ठरले. जतींद्रमोहनला हयातीपुरता उपभोग मिळाला. त्यापुढची मिळकत ज्याला बापाने झिडकारले त्या मुलाकडे जायची. विश्वस्त नेमले म्हणून धर्मशास्त्राला वळसा घालता येत नाही, हा त्यातला धडा होता. दहा वर्षांनी, १८८२ साली, इंडियन ट्रस्ट्‌स कायदा झाला आणि खासगी विश्वस्ताची कर्तव्ये कलमवार लिहिली गेली.

बाबा महाराजांचा कागद या पार्श्वभूमीवर ठेवला की त्यातली नाजूक जागा दिसते. पोटातले मूल जन्माला आलेलेच समजावे असे शास्त्र सांगते. मुलगा झाला तर वडिलार्जित मिळकत त्याची. मग बापाच्या मृत्युपत्राला त्या मिळकतीवर जोर उरतो का? आणि तो मुलगा मेला तर वारस कोण? त्याची आई. झालेही तसेच. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आत गेला. टिळक त्या वेळी तुरुंगात होते.

दुसरी नाजूक जागा मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि चरित्रकारांनी तिच्यापाशी फारसा मुक्काम केलेला नाही. हिंदुस्थानच्या इतर भागांत विधवेला दत्तक घ्यायचा तर नवऱ्याची परवानगी लागे. महाराष्ट्रात नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखाचा मान मोठा, आणि त्याच्या आधाराने मुंबई हायकोर्टाने १८६८ साली ठरवले होते की नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसली तरी विभक्त नवऱ्याची विधवा दत्तक घेऊ शकते. म्हणजे बाबा महाराज एक अक्षरही न लिहिता वारले असते, तर कोणाला मांडीवर घ्यायचे हे ताई महाराजांनी ठरवले असते. मृत्युपत्राने त्यांना नवीन काही दिले नाही. जे होते त्याला विश्वस्तांच्या संमतीचे कुलूप लावले.

ते कुलूप किती जड होते ते आज पटकन ध्यानात येत नाही. त्या काळी विधवेचा मिळकतीवरचा हक्क मर्यादित होता. उपभोग घ्यावा, विकू नये. दत्तक घेतला की तोही सुटे आणि सारे दत्तकाचे होई. म्हणजे दत्तकाची निवड हा विधवेच्या हातातला एकुलता एक मोहरा. एकदा चाल केली की संपले. तो कोणत्या घरातला, त्याचे सख्खे आईबाप कसे, आपल्याला पुढे दोन वेळा मानाने जेवू घालतील का, हे सारे त्या एका निवडीत. आणि इस्टेटीवर कर्ज होते, म्हणून विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावलेली. टिळकांचा हिशेबीपणा प्रसिद्ध आहे. कर्ज फेडायचे तर वाड्यातला खर्च कमी केला पाहिजे हे त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण पंधरा-वीस वर्षांच्या मुलीला, जिने नवरा आणि मूल एका वर्षात गमावले, ते कसे लागले असेल याची नोंद कोर्टाच्या कागदांत शोधून सापडायची नाही.

१९०१ च्या जूनमध्ये टिळक, खापर्डे आदी मंडळी ताई महाराजांना घेऊन औरंगाबादेस गेली. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा निजामाच्या मुलखात होते. पंडित घराण्याची निधोने शाखा त्या बाजूची. तिच्यातला जगन्नाथ हा मुलगा पसंत केला आणि जूनच्या अखेरीस ताई महाराजांच्या मांडीवर दिला. पुण्याला परतल्यावर वारे फिरले. विश्वस्तांपैकीच नागपूरकर ताई महाराजांच्या बाजूला गेले. जुलैअखेर त्यांच्या वतीने प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशापुढे पडला. १९ ऑगस्टला ताई महाराजांनी कोल्हापूरच्या पंडित घराण्यातल्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. औरंगाबादेस दत्तक झालाच नाही, माझ्यावर जबरदस्ती झाली, असे त्यांचे म्हणणे. झालाच होता आणि स्वखुशीने झाला, असे टिळकांचे.

इथे कोल्हापूरचा संबंध येतो. इस्टेटीचा एक भाग कोल्हापूर संस्थानात होता आणि शाहू महाराजांचे वजन बाळा महाराजांच्या पारड्यात होते. ही वेदोक्त प्रकरण पेटलेली वर्षे. टिळक आणि शाहू महाराज एकमेकांच्या विरुद्ध उभे होते, त्यामुळे एका सरदार घराण्यातल्या दत्तकाला राजकारणाचा वास लागला. टिळकपक्षाने हे सारे सरकार आणि कोल्हापूर यांचे कारस्थान मानले. दुसऱ्या बाजूने टिळकांना एका असहाय विधवेवर हुकूम चालवणारे ठरवले. शंभर वर्षांनंतरही लिहिणारा यांपैकी कोणत्या तंबूतला ते दुसऱ्या वाक्यात कळते. मी दोन्ही तंबूंतले लेखन वाचले. मला वाटते, दोन्हीकडे काही खरे आहे आणि मुळातला दोष कागदाच्या घडणीत आहे.

अर्जाची चौकशी जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी केली. एका साध्या दिवाणी अर्जात त्यांनी टिळकांची दीर्घ उलटतपासणी होऊ दिली. एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द झाले. त्याबरोबर टिळकांवर फौजदारी खटल्याचा हुकूम झाला. खोटी साक्ष, खोटा पुरावा तयार करणे असे आरोप. त्यासाठी क्लेमंट्‌स नावाचे खास मॅजिस्ट्रेट नेमले गेले. ऑगस्ट १९०३ मध्ये अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड. जानेवारी १९०४ मध्ये अपिलात सेशन्स जज्ज लुकस यांनी शिक्षा कायम ठेवून सहा महिन्यांवर आणली आणि टिळकांना हातकड्या घालून येरवड्यास नेले. राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात जाणे वेगळे. त्यात मान होता. हा आरोप फसवणुकीचा होता. टिळकांच्या साऱ्या आयुष्यात त्यांच्या नावाला खरा धोका कधी निर्माण झाला असेल, तर या आठवड्यांत. मार्च १९०४ मध्ये हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द केली. याच धामधुमीत, १९०३ साली, त्यांचा आर्यांच्या उत्तर ध्रुवावरील मूलस्थानाचा ग्रंथ बाहेर पडला. एवढे डोके शांत कसे राहत असेल याचे मला नवल वाटते.

या सगळ्यात ताई महाराज वारल्या. जिच्या इच्छेवरून भांडण होते ती माणसात राहिली नाही, भांडण चालूच राहिले.

दिवाणी दावा वेगळा चालला होता. १९०६ च्या जुलैअखेर पुण्याच्या सबजज्जाने जगन्नाथाचे दत्तक खरे ठरवले. १९१० साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी तो निकाल फिरवला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. हायकोर्टाच्या निकालाचा अर्थ इतकाच नव्हता की दत्तक झाला नाही. टिळक, खापर्डे आणि त्यांचे साथी यांनी संगनमत करून खोटे सांगितले, असा तो होता. टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले, आणि २६ मार्च १९१५ ला प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला. निकालपत्र लॉर्ड शॉ यांचे. ते मी अनेकदा वाचले आहे. त्याचा रोख मुख्यतः पुराव्याच्या नियमांवर आहे. साक्षीदाराला खोटे ठरवायचे तर त्याचे आधीचे बोलणे त्याच्यासमोर ठेवून त्याला उत्तराची संधी द्यावी लागते. ती न देता, दुसऱ्या खटल्यातल्या जबान्यांच्या ढिगावरून माणसांना कटवाले ठरवता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही याच मुद्द्यासाठी वाचतात.

ज्या वर्षी गीतारहस्य छापून आले त्याच वर्षी हा निकाल आला. मृत्युपत्राला अठरावे वर्ष लागले होते. त्यानंतरही कोल्हापूरच्या हद्दीतल्या मिळकतीचे झेंगट सुटेना, कारण लंडनचा निकाल संस्थानात आपोआप चालत नव्हता. १९२० च्या जुलैत टिळक मुंबईला आले ते याच प्रकरणाच्या कामासाठी. तिथेच आजारी पडले आणि १ ऑगस्टला सरदारगृहात वारले.

आता माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. बाबा महाराजांनी अंथरुणावर मृत्युपत्र करण्याऐवजी वर्षभर आधी, धडधाकट असताना, विश्वस्तनिधी केला असता तर? फरक असा. मृत्युपत्र माणूस मेल्यावर बोलू लागते. तोवर कितीही वेळा बदला, फाडा, नवे करा. विश्वस्तनिधीत मालकी आजच विश्वस्तांच्या नावे जाते आणि उपभोग ज्याला द्यायचा त्याला मिळू लागतो. विश्वस्त कसे वागतात हे करणाऱ्याला डोळ्यांनी पाहता येते. नागपूरकरांचा कल कुठे आहे, पत्नीला टिळकांची काटकसर सोसते का, हे बाबा महाराजांना जिवंतपणी कळले असते. पण किंमतही आहे. १८८२ च्या कायद्याप्रमाणे स्थावराचा विश्वस्तनिधी नोंदवावा लागतो, मुद्रांक भरावा लागतो, आणि मागे घेण्याचा अधिकार कागदात राखून ठेवला नसेल तर लाभार्थींच्या संमतीविना तो सहसा परत घेता येत नाही. मृत्युपत्राला ना मुद्रांक, ना सक्तीची नोंदणी. आपले लोक मृत्युपत्रच करतात, आणि तेही शेवटच्या आजारात, त्याचे कारण मला वाटते स्वस्ताई नव्हे. हातातले आजच सोडायला मन घेत नाही.

ज्यांनी सोडले त्यांची उदाहरणे मुंबईत आहेत. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रातून त्यांच्या नावाचा निधी १९१९ साली उभा राहिला. थोरले सर दोराबजी यांनी वेगळे केले. १९३१ मध्ये पत्नी मेहेरबाई गेल्या. दुसऱ्या वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती हयातीतच विश्वस्तांच्या स्वाधीन केली आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जूनमध्ये, जर्मनीत त्यांचे निधन झाले. दोघांनाही मूल नव्हते. एकाच घरात दोन्ही मार्ग, आणि दोन्ही निधी आजही चालू आहेत. याचे श्रेय कागदाच्या प्रकाराला किती आणि मागे भांडायला कोणी नव्हते याला किती, हे मला सांगता येणार नाही.

घरच्यांसाठी हयातीत निधी बांधण्याची सर्वांत जुनी रीत मुसलमानांची, वक्फ-अलल-औलादची. वंशजांच्या निर्वाहासाठी मिळकत वक्फ करायची आणि वंश खुंटला तर ती गोरगरिबांना. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने असे वक्फ केवळ नावापुरते धर्मादाय असतात म्हणून मोडीत काढले. त्याविरुद्ध विधेयक आणून १९१३ मध्ये कायदा करून घेतला तो मुंबईच्या बॅरिस्टर जीनांनी, ज्यांनी १९०८ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला होता. आणि गोव्यात तर तिसराच प्रकार. पोर्तुगीज कायद्यातून आलेल्या परंपरेमुळे तिथे मृत्युपत्र करणाऱ्याचा हात अर्ध्या मिळकतीपाशी थांबतो. उरलेली अर्धी मुलाबाळांची, ती कोणाला काढून घेता येत नाही. प्रसन्नकुमार ठाकूर पणजीत राहत असते तर ज्ञानेंद्रमोहनाला कोर्टात जावेच लागले नसते.

प्रोबेटबद्दल एक खुलासा करतो, कारण लोक नेमके त्यातच अडकतात. मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावराविषयीच्या हिंदूच्या मृत्युपत्राला कोर्टाकडून प्रोबेट घेणे सक्तीचे होते. पुण्यात, सांगलीत, नागपुरात नव्हते. १८७० साली शहरापुरता केलेला भेद एकशे पंचावन्न वर्षे टिकला आणि २०२५ च्या अखेरीस संसदेने ते सक्तीचे कलम काढून टाकले. अमेरिकेत प्रोबेटच्या खर्चाला आणि दिरंगाईला कंटाळून हयातीतल्या निधीची लाटच आली. नॉर्मन डेसी या वकील नसलेल्या माणसाने १९६५ साली प्रोबेट कसे टाळावे यावर पुस्तक काढले, त्यावर वकीलवर्ग कोर्टात गेला आणि हरला. तिकडे स्थायिक झालेले आपले नातेवाईक सुट्टीत येतात तेव्हा इथल्या आईवडिलांना "ट्रस्ट करून टाका" म्हणून सांगतात, त्याचा उगम तिथे आहे. तिकडची सोय इकडे जशीच्या तशी बसत नाही, कारण टाळायचे जे होते ते इकडे बहुतेक गावांत मुळातच नव्हते.

टिळकांच्या बाबतीत एक गोष्ट राहिली, आणि ती लिहिताना मला जड जाते. त्यांच्या पश्चात 'केसरी' आणि 'मराठा' विश्वस्तांच्या हाती गेले. वर्तमानपत्र ही घरची शेती नव्हे, ते चळवळीचे आहे, असा त्यामागे विचार असावा, आणि तो टिळकांना शोभणारा आहे. पण गायकवाड वाड्यात एका बाजूला विश्वस्त आणि दुसऱ्या बाजूला टिळकांचे मुलगे, रामभाऊ आणि श्रीधरपंत, अशी तेढ पडली. प्रकरण कोर्टात गेले. श्रीधरपंत समता संघात होते, आंबेडकरांचे मित्र होते, आणि विश्वस्तांशी त्यांचे विचारांनीही जमत नव्हते. २५ मे १९२८ रोजी त्यांनी पुण्यात भांबुर्ड्याजवळ रेल्वेखाली जीव दिला. एका आत्महत्येला एक कारण चिकटवू नये, म्हणून मी तसे म्हणत नाही. पण परक्याच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्याने वीस वर्षे छातीवर झेलली, त्याच्या मागे त्याच्याच घरात विश्वस्त आणि वारस असा उभा दावा पडावा, हे वाचून पुस्तक मिटावेसे वाटते. बाबा महाराजांच्या कागदात जी उणीव होती तीच इथेही असावी असा मला संशय आहे. विश्वस्तांना अधिकार भरपूर होते. ज्यांच्याशी त्यांना एका छपराखाली रोज वागायचे, त्यांना विचारून काहीच ठरलेले नव्हते.

ताई महाराजांचे काय झाले असते? १९५६ नंतर हिंदू विधवेला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. दत्तक तिने स्वतःच्या नावे, स्वतःच्या इच्छेने घ्यायचा, आणि घेतला तरी तिच्या हाती आधी आलेली मिळकत त्या मुलाकडे जात नाही. एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करण्याची मुभाही त्याच वर्षीच्या कायद्याने दिली. बाबा महाराज साठ वर्षे उशिरा जन्मले असते तर मुलाच्या मृत्यूनंतर ताई महाराज इस्टेटीच्या मालक झाल्या असत्या, औरंगाबादेची आगगाडी कोणी धरली नसती आणि टिळकांना एक तुरुंगवास कमी झाला असता.

मी स्नेह्यांना एवढे सगळे सांगितले नाही. मी विचारले, कागदात वहिनींविषयी काय लिहिणार आहात ते वहिनींना ठाऊक आहे का? ते म्हणाले, "अजून विषय काढला नाही." मग आम्ही चहा घेतला. घरी येऊन मी निकालपत्र पुन्हा काढले. लॉ रिपोर्टात त्याचे शीर्षक बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित असे आहे. श्रीनिवास म्हणजे बाळा महाराजांचे दत्तक नाव. शीर्षकात ताई महाराज कुठेच नाहीत. पुण्यात मात्र त्याला कोणी टिळक-पंडित प्रकरण म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही. ताई महाराज प्रकरण असेच म्हणतात.